नटाची शाळा आणि नाटकाचा शब्द

१

आपल्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठीय विभागांत नाटक शिकविले जाते ते प्रामुख्याने एक वाङ्मयप्रकार म्हणून. कथानक, स्वभावचित्रण, संघर्ष, संवाद अशा घटकांत संहितेची विभागणी करून तिचे विवेचन केले जाते. त्यांतील संवाद या घटकाचा विचार करताना 'पात्रानुरूप', 'चटकदार', 'ओघवते' अशी विशेषणे आपण वापरतो आणि पुढे जातो. हा संवाद कोणीतरी उच्चारणार आहे, त्या उच्चारणाला श्वास, स्वर, लय आणि विराम असणार आहेत, तो कोणत्या तरी एका मराठीतच उच्चारला जाणार आहे, या गोष्टी समीक्षेच्या कक्षेबाहेरच्या, दिग्दर्शकाच्या आणि नटाच्या कक्षेतल्या समजल्या जातात.

नट घडविणाऱ्या संस्थांना मात्र या प्रश्नाला बगल देता येत नाही. तेथे पहिल्या दिवसापासून दोन निर्णय घ्यावे लागतात. नाटकातील शब्द हे नटाचे साध्य आहे की साधन, हा पहिला; आणि नटाची वाणी कोणत्या बोलीत घडवावयाची, हा दुसरा. प्रस्तुत लेखात लंडन आणि न्यूयॉर्क येथील दोन खासगी नाट्यशाळांच्या आधारे या निर्णयांचे स्वरूप स्पष्ट करावयाचे आहे. या दोन शाळांची निवड यदृच्छेने केलेली नाही. महाराष्ट्रातील अभिनयशिक्षणाच्या दोन महत्त्वाच्या प्रवाहांचा उगम या शाळांशी जोडलेला आहे.

२

प्रथम 'नाट्यशाळा' ही संकल्पना नाटक मंडळीतील तालमीपासून वेगळी केली पाहिजे. १८८० मध्ये 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणणारी किर्लोस्कर नाटक मंडळी किंवा १९१३ मध्ये स्थापन झालेली गंधर्व नाटक मंडळी यांत नवा मुलगा दाखल झाला की त्याला राहणे-जेवणे मिळे, लहानसहान कामे मिळत आणि तालीममास्तरांच्या हाताखाली तो तयार होई. गोविंद बल्लाळ देवल यांच्यासारखा नाटककार हा असाधारण तालीममास्तरही होता. गणपतराव बोडसांचे 'माझी भूमिका' किंवा चिंतामणराव कोल्हटकरांचे 'बहुरूपी' ही आत्मचरित्रे वाचणाऱ्यास या पद्धतीची शिस्त आणि तिची मर्यादा दोन्ही जाणवतात. मंडळीत शिकविली जाई ती भूमिका. अभिनय हा त्या भूमिकांच्या ओघात, अनुकरणाने आणि अनुभवाने अंगी मुरत असे.

नाट्यशाळेत हा क्रम उलटतो. तेथे अभिनय हा विषय भूमिकेपासून सोडवून घेतला जातो आणि त्याचे श्वसन, उच्चार, देहचलन, कल्पनाशक्ती, संहितावाचन असे स्वतंत्र पाठ केले जातात. विद्यार्थी पगारी नोकर नसतो. तो शुल्क भरून, निवड होऊन, ठरावीक मुदतीसाठी येतो. त्याची चूक प्रयोग बिघडवीत नाही, कारण प्रयोग हे शाळेचे उत्पन्नाचे साधन नसते. चूक करण्याची ही मोकळीक हेच नाट्यशाळेचे मंडळीहून वेगळेपण होय. त्याचबरोबर, शुल्क कोण भरू शकतो हा प्रश्नही तिच्यापाठोपाठ येतो.

३

लंडनमधील अकादमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट ही संस्था १९०४ मध्ये हर्बर्ट बीअरबोम ट्री या नटव्यवस्थापकाने आपल्या हिज मॅजेस्टीज थिएटरमध्ये सुरू केली. पुढच्याच वर्षी ती गॉवर स्ट्रीटवरील वास्तूत गेली. १९२० मध्ये तिला राजसनद मिळाली आणि तिच्या नावामागे 'रॉयल' हे विशेषण लागले. तरीही सरकारी अनुदानाचा पहिला लहानसा हप्ता मिळण्यास १९२४ साल उजाडावे लागले. म्हणजे आरंभीची सुमारे वीस वर्षे ही शाळा शुल्क, देणग्या आणि नाट्यव्यवसायातील मंडळींचा आश्रय यांवरच उभी होती.

या आश्रयदात्यांत बर्नार्ड शॉचे स्थान मराठी अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावे असे आहे. शॉ १९११ पासून अकादमीच्या व्यवस्थापक मंडळावर होता. १९५० मध्ये त्याचे निधन झाले तेव्हा त्याच्या मृत्युपत्रानुसार त्याच्या लेखनाच्या उत्पन्नातील एक तृतीयांश वाटा अकादमीकडे आला. उरलेले दोन वाटे ब्रिटिश म्युझियम आणि आयर्लंडची नॅशनल गॅलरी यांना मिळाले. १९५६ मध्ये 'पिग्मॅलियन'वर आधारलेले 'माय फेअर लेडी' हे संगीत नाटक आले आणि त्याच्या अफाट यशामुळे हा वाटा मोलाचा ठरला. फूल विकणाऱ्या मुलीला 'शुद्ध' बोलावयास शिकविणाऱ्या प्राध्यापकाचे नाटक नटांना बोलावयास शिकविणाऱ्या शाळेचे पोशिंदे व्हावे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. १९१४ मध्ये लंडनला 'पिग्मॅलियन'चा पहिला प्रयोग झाला तो ट्रीच्याच रंगमंदिरात, आणि त्यात प्राध्यापक हिगिन्सची भूमिका केली ती स्वतः ट्रीने.

त्या काळातील इंग्लिश नाट्यशिक्षणाचा पाया वाणी हाच होता. १९०६ मध्ये एल्सी फोगर्टी हिने लंडनमध्येच दुसरी शाळा काढली, तिच्या नावातच 'स्पीच' हा शब्द 'ड्रामा'च्या आधी येतो. लॉरेन्स ऑलिव्हिए हा या शाळेचा विद्यार्थी. या परंपरेतील अध्यापनाचे सूत्र थोडक्यात असे मांडता येईल : नाटककाराने लिहिलेले वाक्य ही एक पूर्ण रचना आहे, तिचा अर्थ तिच्या आघातांत, विरामांत आणि चढउतारांत साठविलेला असतो, नटाने आपली श्वसनसंस्था आणि उच्चारेंद्रिये इतकी तयार करावीत की त्या रचनेत आणि प्रेक्षकात अडथळा उरू नये. म्हणून बरगड्या विस्तारून श्वास राखून ठेवणे, दीर्घ वाक्य एका श्वासात नेणे, अंत्य व्यंजन न गिळणे, पद्याची लय न मोडता अर्थ पोहोचविणे असे पाठ तेथे असत. शब्द हे येथे साध्य होते.

आपल्याकडील नाट्यशास्त्राशी या सूत्राचे नाते सहज जुळते. भरताने वाणीला नाट्याचे शरीर मानले आहे. उर, कंठ आणि शिर ही तीन स्थाने, विलंबितादी लयी, दीप्त-मंद्रादी अलंकार आणि काकू अशी पाठ्याची सामग्री तो सांगतो. काकूचे त्याने केलेले साकांक्ष आणि निराकांक्ष हे दोन भेद म्हणजे वाक्य पुढे काही अपेक्षित ठेवते की तेथेच पूर्ण होते, याचा स्वरातून होणारा बोध. कोणत्याही वाणीवर्गात शिक्षक पहिल्या आठवड्यात जे शिकवितो, त्याचेच हे शास्त्रीय नामकरण आहे.

परंतु या परंपरेत दुसरा निर्णयही न बोलता घेतला गेला होता. जी वाणी घडवावयाची ती दक्षिण इंग्लंडमधील सुशिक्षित वर्गाची. इतर प्रांतांतून आलेल्या विद्यार्थ्याची बोली ही दुरुस्त करण्याची गोष्ट ठरे. विनोदी नोकराच्या भूमिकेपुरती ती उपयोगी. येथेही भरताची आठवण होते, कारण त्याच्या भाषाविधानात उत्तम पुरुषपात्रांना संस्कृत आणि बहुतेक स्त्रिया व नीच पात्रे यांना प्राकृत अशी वाटणी आहेच. वाणीचे शिक्षण आणि सामाजिक उतरंड यांचे साहचर्य असे दोन्हीकडे आढळते. इंग्लंडमध्ये त्याला धक्का बसला तो १९५० नंतरच्या दशकात. सॅलफर्डचा ॲल्बर्ट फिनी, लीड्समध्ये वाढलेला पीटर ओटूल यांच्यासारखे विद्यार्थी याच अकादमीतून बाहेर पडले, त्याच सुमारास १९५६ मध्ये जॉन ऑस्बॉर्नचे 'लुक बॅक इन अँगर' आले, आणि प्रांतिक बोली हा नटाचा दोष न राहता त्याचे भांडवल होऊ शकते, हे रंगभूमीने आणि पाठोपाठ चित्रपटाने मान्य केले. वाणीचे शिक्षण त्यामुळे संपले नाही. एका प्रमाण उच्चाराऐवजी अनेक उच्चार आत्मसात करण्याची क्षमता, असे त्याचे उद्दिष्ट बदलले.

४

न्यूयॉर्कमधील नेबरहुड प्लेहाउस ही शाळा वेगळ्या मातीतून उगवली. ॲलिस आणि आयरीन लुइसन या भगिनींनी १९१५ मध्ये ग्रँड स्ट्रीटवर, स्थलांतरितांच्या दाट वस्तीत, सेवाभावी कार्याचा भाग म्हणून एक छोटे रंगमंदिर उभारले. ते बंद झाल्यावर १९२८ मध्ये त्याच नावाने नाट्यशाळा सुरू झाली. मार्था ग्रॅहमसारखी नर्तकी तेथे देहचलन शिकवीत होती. १९३५ मध्ये सॅनफर्ड माइस्नर तेथे शिक्षक म्हणून आला आणि शाळेला तिची ओळख मिळाली.

माइस्नर हा १९३१ मध्ये स्थापन झालेल्या ग्रुप थिएटरमधला. १९२३-२४ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरचा अमेरिकेत दौरा झाला, तेव्हापासून तेथील तरुण नटांवर स्तानिस्लावस्कीचा जो प्रभाव पडला, त्याच्यातून हा गट निर्माण झाला होता. ली स्ट्रासबर्गने स्तानिस्लावस्कीकडून भावस्मृतीचे तत्त्व उचलले : नटाने आपल्या गतायुष्यातील प्रसंग आठवून त्यातील भावना भूमिकेला पुरवावी. माइस्नरला हा मार्ग नटाला स्वतःतच कोंडणारा वाटला. त्याने भर दिला तो समोरच्या नटावर.

त्याच्या पद्धतीतील पहिला पाठ दिसावयास अगदी साधा आहे. दोन विद्यार्थी समोरासमोर बसतात. एकजण दुसऱ्याविषयी डोळ्यांना दिसणारी एखादी गोष्ट सांगतो, उदाहरणार्थ, 'तुझ्या सदऱ्याचं बटण तुटलंय.' दुसरा तेच वाक्य आपल्या बाजूने म्हणतो, 'माझ्या सदऱ्याचं बटण तुटलंय.' पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. काही नवे सुचवावयाचे नाही, नाट्यमय करावयाचे नाही. काही वेळाने शब्द यांत्रिक होतात आणि त्यांच्या खालून काहीतरी वेगळे घडू लागते. एकाला हसू येते, दुसरा ओशाळतो, चिडतो, आवाज बदलतो. आणि त्या बदलाला उत्तर म्हणून पहिल्याचाही आवाज बदलतो. वाक्य तेच असते, अर्थ मात्र प्रत्येक वेळी नवा होतो. तो अर्थ शब्दात नसून दोन माणसांच्या मधल्या जागेत आहे, हे विद्यार्थ्याला कानांनी कळते.

पुढे संहिता हाती आली तरी ती प्रथम निर्विकारपणे, कोणताही चढउतार न ठरविता पाठ करावयाची असते. कारण चढउतार घरी ठरवून आणला, तर समोरच्याकडून येणारे ऐकूच येणार नाही. लंडनच्या जुन्या पद्धतीशी तुलना केली तर येथे शब्दाची जागा नेमकी उलटली आहे. तेथे शब्दातून भावनेकडे जावयाचे. येथे परस्पर प्रतिसादातून जे उत्पन्न होईल त्यावर शब्द तरंगत यावयाचा.

चित्रपटाला ही दुसरी पद्धत अधिक मानवली, याचे कारण यंत्राच्या स्वरूपात आहे. रंगमंदिरात नटाचा उच्चार शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा लागतो. त्यासाठी काही एक योजना, काही एक विस्तार अपरिहार्य असतो. ध्वनिग्राहक आणि कॅमेरा हे नटाच्या जवळ येतात. ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा बोलणाऱ्याच्या वाक्याइतकाच महत्त्वाचा ठरतो आणि योजलेला विस्तार खोटा वाटू लागतो. मात्र यावरून 'रंगभूमीसाठी वाणी, पडद्यासाठी भावना' अशी वाटणी करणे उथळपणाचे होईल. लंडनच्या अकादमीतील आजच्या तीन वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात दोन्ही माध्यमांची तयारी एकत्रच करून घेतली जाते. आणि नेबरहुड प्लेहाउसमध्येही वाणी व देहचलन यांचे वर्ग अभिनयवर्गाच्या बरोबरीने चालत आले आहेत.

५

या दोन शाळा महाराष्ट्रात कशा पोहोचल्या, हे आता पाहावयाचे आहे. पुण्यात जन्मलेले आणि शिकलेले इब्राहीम अल्काझी मुंबईत सुलतान पदमसी यांच्या थिएटर ग्रुपमध्ये घडले आणि १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या अकादमीत दाखल झाले. परत आल्यावर त्यांनी मुंबईत थिएटर युनिट ही संस्था आणि तिच्या जोडीने नाट्यशिक्षणाची शाळा चालविली. कम्बाला हिलवरील इमारतीच्या गच्चीवर रंगमंच उभारला. विजया मेहता यांनी त्यांच्याकडे आणि आदी मर्झबान यांच्याकडे प्रशिक्षण घेतले आणि १९६० मध्ये 'रंगायन'ची स्थापना झाली. अल्काझी १९६२ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले आणि १९७७ पर्यंत त्या पदावर होते. रोहिणी हट्टंगडी यांच्यासारखे मराठी विद्यार्थी तेथे शिकले.

दुसरा प्रवाह पुण्यात आला. नेबरहुड प्लेहाउसमध्ये माइस्नरच्या हाताखाली शिकलेले रोशन तनेजा १९६० नंतरच्या दशकात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अभिनयाचे अध्यापन करू लागले. तेथील अभिनयाचा अभ्यासक्रम १९७० नंतरच्या दशकात बंद पडला (तो पुन्हा सुरू झाला २००४ मध्ये) आणि तनेजा यांनी मुंबईत स्वतःची अभिनयशाळा काढली. मुंबईत पुढे जे खासगी अभिनयवर्ग फोफावले, त्यांतील बऱ्याच जुन्या वर्गांपैकी हा एक.

या दोन्ही प्रवाहांत एक गोष्ट समान आहे. शिक्षणाचे माध्यम मराठी नव्हते. थिएटर युनिटचे काम इंग्रजीत चाले, राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे प्रामुख्याने हिंदीत, फिल्म इन्स्टिट्यूटची दृष्टी हिंदी चित्रपटावर. रंगमंचाची शिस्त, देहाची तयारी, संहितेचे घटक पाडून प्रत्येक घटकातील पात्राचे उद्दिष्ट शोधण्याची पद्धत या गोष्टी एका भाषेतून दुसरीत नेता येतात, आणि त्या आल्याही. के. नारायण काळे यांनी स्तानिस्लावस्की मराठीत आणून या पद्धतीला परिभाषाही दिली. वाणीचे शिक्षण मात्र असे उचलून आणता येत नाही. इंग्रजीतील आघातव्यवस्था मराठीच्या उपयोगाची नाही आणि हिंदी उच्चारणाचे पाठ मराठीला पुरे पडत नाहीत. त्यामुळे आपल्या अभिनयशिक्षणात वाचिकाचा भाग बव्हंशी रिकामा राहिला, असे म्हणावे लागते.

६

यावर एक आक्षेप स्वाभाविकपणे येईल. मराठीतील थोर नट कोणत्या शाळेत शिकले? १९७० मध्ये 'नटसम्राट' उभे करणारे डॉ. श्रीराम लागू व्यवसायाने कान-नाक-घसातज्ज्ञ होते. १९६७ मध्ये 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकात लीला बेणारे साकारणाऱ्या सुलभा देशपांडे यांनी तीच भूमिका सत्यदेव दुबे यांच्या १९७१ च्या चित्रपटातही केली. म्हणजे एकाच नटीने एकच व्यक्तिरेखा दोन्ही माध्यमांत पेलली. त्या शिक्षिका होत्या. १९५४ पासूनची राज्य नाट्यस्पर्धा, १९६३ पासूनचा पुरुषोत्तम करंडक आणि प्रायोगिक संस्था हीच मराठी नटाची शाळा होती.

हा आक्षेप खरा आहे. पण त्यातील गृहीतक तपासले पाहिजे. त्या पिढीचा कान शाळेबाहेर तयार झाला होता. पाठांतर, कीर्तन, वक्तृत्व, नभोवाणी, घरातील वाचन आणि जुन्या रंगभूमीचा शेवटचा अंमल यांनी वाचिकाचा पाया घातला होता. तो पाया आज गृहीत धरता येत नाही. मराठी दूरचित्रवाणी मालिकांत आणि चित्रपटांत काम करू इच्छिणारा तरुण आज काही महिन्यांच्या खासगी वर्गाला जातो. तेथे कॅमेऱ्यासमोरचा सहजपणा शिकतो, निवडचाचणीची तयारी करतो. परंतु 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जगण्याची आज्ञा यांतील तालव्य आणि दंततालव्य 'ज'चा भेद, लिखित 'केले' आणि उच्चारित 'केलं' यांच्या निवडीने बदलणारी पात्राची पातळी, 'तू येणारच' आणि 'तूच येणार' यांतील 'च'चा आघात या गोष्टी त्याला कोणी शिकविलेल्या नसतात. 'सहज बोला' हा उपदेश त्याला मिळतो. सहज म्हणजे कोणाच्या सहजतेने, हा प्रश्न तेथे विचारला जात नाही.

येथे 'पिग्मॅलियन'कडे पुन्हा वळणे आवश्यक आहे. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये 'ती फुलराणी' लिहिले तेव्हा त्यांना नाटकाचा केवळ अनुवाद करून भागणार नव्हते. लंडनच्या कॉकनीच्या जागी मुंबईच्या रस्त्यावरची कोणती मराठी ठेवावयाची आणि प्राध्यापकाच्या तोंडी कोणती, हे त्यांना नव्याने ठरवावे लागले. भक्ती बर्वे यांच्या मंजुळेचे यश हे दोन मराठींमधील अंतर कानाने मोजून दाखविण्याचे यश होते. ज्या वाचिकाच्या शिक्षणाविषयी आपण बोलत आहोत, त्याचे एक संपूर्ण प्रात्यक्षिक या नाटकात आहे. शिवाय त्याचा धोकाही आहे : मंजुळेची बोली ही केवळ सुधारण्याची गोष्ट मानली, तर १९५० पूर्वीच्या लंडनची चूक आपणही करू. १९८० मध्ये मालवणीतील 'वस्त्रहरण' आणि त्याच सुमारास मराठवाडी बोलीचा प्रत्यय देणारे लक्ष्मण देशपांडे यांचे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' यांनी ही बोली संपूर्ण नाट्यानुभव पेलू शकते, हे दाखवून दिलेच आहे. तेव्हा मराठी वाचिकाचे शिक्षण म्हणजे पुणेरी उच्चाराचे शिक्षण नव्हे. प्रमाण मराठी ही नटाला यावीच. पण मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, मराठवाडी यांतील स्वरांचे आणि हेलांचे व्याकरणही त्याच आदराने शिकविले जावे.

७

हे काम कोणी करावयाचे? खासगी नाट्यशाळेच्या अर्थकारणात त्याला सहजी जागा मिळणार नाही. तिचा विद्यार्थी अल्पकाळासाठी येतो, त्याची नजर हिंदी आणि इंग्रजी कामांवरही असते, आणि लंडनच्या अकादमीला लाभलेला शॉ प्रत्येक शाळेला लाभत नाही. विद्यापीठीय नाट्यविभाग, उदाहरणार्थ पुणे विद्यापीठाचे १९८७ मधील ललित कला केंद्र किंवा मुंबई विद्यापीठाची २००३ मधील नाट्यकला अकादमी, आपापल्या परीने प्रयत्नशील राहिले आहेत. परंतु मराठीची ध्वनिव्यवस्था, बोलींचे भेद, आघात आणि वाक्यलय यांचे ज्ञान जेथे आहे, किंवा असावयास हवे, तो मराठी भाषा-साहित्याचा विभाग या व्यवहारात अनुपस्थित आहे. आपण बोलीविज्ञान एका अभ्यासपत्रिकेत शिकवितो आणि नाटक दुसऱ्या. त्या दोहोंची गाठ पडते ती नटाच्या तोंडात, आणि तेथे आपण नसतो.

यातून आपल्या विषयाचीही हानी होते. माइस्नरच्या पुनरुक्तीच्या पाठाने जे दाखविले, ते तेंडुलकरांच्या संहितेच्या वाचकालाही कळावयास हवे. त्यांच्या संवादांतील तुटलेली वाक्ये, टिंबे आणि 'विराम' या सूचना म्हणजे मुद्रणातील सजावट नव्हे. अर्थ शब्दांत नसून दोन पात्रांच्या मधल्या जागेत आहे, अशी ती लेखकाने दिलेली खूण आहे. उलट शिरवाडकरांच्या अप्पा बेलवलकरांची स्वगते ही पूर्ण रचना आहेत. तेथे लंडनच्या परंपरेतील श्वास आणि लय यांचे शिक्षणच उपयोगी पडेल. दोन नाटककार शब्दाला दोन वेगळी स्थाने देतात. हा वाङ्मयीन भेद आहे, आणि तो उघड होतो संहिता मोठ्याने वाचली जाते तेव्हा.

म्हणून एक लहानसा आणि व्यवहार्य आरंभ सुचवावासा वाटतो. पदव्युत्तर वर्गात नाटक शिकविताना किमान एक प्रवेश विद्यार्थ्यांनी दोन प्रकारे वाचावा : एकदा वाक्याच्या रचनेकडे कान लावून, एकदा समोरच्या वाचकाकडे कान लावून. पात्राची बोली विद्यार्थ्याची मातृबोली असेल, तर त्या बोलीचा जाणकार म्हणून त्यालाच शिक्षकाच्या जागी बसवावे. यासाठी रंगमंच लागत नाही, कॅमेरा लागत नाही, शुल्कही लागत नाही. त्यातून नट घडतील असे नाही. परंतु नटाला काय शिकविले गेले पाहिजे, हे सांगू शकणारे मराठीचे अभ्यासक घडतील. आज उणीव आहे ती त्यांची.